दोन पंखांमधला दोरा

आई, काल दुकानात एक बाई रेडिओ दुरुस्तीला घेऊन आल्या. त्यांच्या पदराला तांब्याच्या तारेचा बारीक तुकडा अडकला होता. तुझ्याही पदराला असायचा. सातपूरच्या शेडमध्ये दिवसभर मोटारींच्या कॉइल गुंडाळून तू घरी यायचीस, स्टोव्ह पेटवायच्या आधी पदर झटकायचीस, तरी एखादा तुकडा राहायचाच आणि मग तो माझ्या ताटाशेजारी सापडायचा. बाई गेल्यावर माझ्या हातून काम होईना. तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे, तरी हे लिहितो आहे आणि लिहिताना ऱ्हस्व-दीर्घही तपासतो आहे. सवय जात नाही.

मामाने आखातातून रजेवर येताना तो खोका आणला, तेव्हा मी नववीतून शाळा सोडून दुकानात लागलो होतो. खोक्यावर एकावर एक दोन पंख असलेल्या विमानाचं चित्र होतं. आत थर्माकोलचे पांढरे भाग, छोटी मोटर, बॅटरी आणि जमिनीवरून विमान चालवायचा एरियलवाला डबा. वायरिंगची मला भीती नव्हती. भीती थर्माकोलची होती. दुकानातलं चिकटवायचं सोल्यूशन एका कपट्यावर लावून पाहिलं, तर तो कपटा माझ्या डोळ्यांदेखत विरघळला आणि तिथे खड्डा पडला. त्यानंतर मी प्रत्येक भाग चिकटवण्याआधी इतक्या वेळा जुळवून पाहायचो की तू भाकरी थापता थापता म्हणायचीस, "पिठात पाणी जास्त झालं तर वरून पीठ घालता येतं. तुझ्या ह्याच्यात घालायला काय नाय का?" मी म्हणायचो, "नाही. यात चुकलं की चुकलं." "मग अवघडच हाय बाबा तुझं," म्हणून तू तवा पुसायचीस.

पंखांवर मात्र मी हरलो. वरच्या आणि खालच्या पंखांच्या मध्ये आडवातिडवा दोरा ताणून बांधायचा होता. एकीकडे ओढला की दुसरीकडे ढिला पडायचा आणि पंख पिळवटायचा. रविवारी दुपारभर मी तेच करत बसलो होतो. तू निवडलेली मेथी बाजूला सारलीस आणि म्हणालीस, "सरक." मी म्हटलं, "आई, हात लावू नकोस, मोडेल." तू हात पुसलेस आणि बसलीसच. तू दोरा ओढत नव्हतीस, नुसता बोटांतून सोडत होतीस, जणू त्यालाच ठरवू देत होतीस. "कॉइलला पण असंच हाय. ओढाताण केली का तार रुसती." शेवटची गाठ मारून तू दोरा दातांनी तोडलास, नखाने छेडून पाहिलास आणि तो बारीक वाजला. तुला इतकं हसू आलं की तू पुन्हा छेडलास.

त्यानंतर तू सगळ्या चाळीला सांगितलंस. पाण्याच्या नळावर शेजारची मावशी विचारायची, "काय गं, तुमच्या इमानाचं तिकीट कधी निघतंय?" तू म्हणायचीस, "निघंल, निघंल. तुला मागं दांडीला धरून उभं करू." मला मात्र ते ऐकून पुढचं दिसायचं. सगळे बघायला येणार, विमान नाकावर आपटणार, थर्माकोलचा भुगा होणार आणि त्यात तुझा दोरा. मग मी कारणं काढत गेलो. नाक जड आहे. शेपटी जरा वाकडी वाटते. बॅटरी पुरती भरली नाही. त्याच सुमारास तुझे पाय सुजायला लागले होते. शेडमधली कामं तू बसून करायचीस म्हणून सुजत असतील, असं आपण दोघंही म्हणायचो. नळावरून कळशी आणताना तू मध्येच ओट्यावर टेकायचीस. मी ते पाहायचो आणि पुन्हा शेपटी मोजायला बसायचो.

त्या रविवारी तू पांढरी साडी नेसलीस, जी पौर्णिमेला विहारात जाताना नेसायचीस. डब्यात चिवडा भरलास. सुजलेल्या पायांत चपला मावत नव्हत्या, तरी घातल्यास आणि दारात उभी राहिलीस. "चल. माळावर जाऊ. लय झालं मोजमाप, आता उडव एकदा." मी विमान हातात घेतलं, ठेवलं आणि म्हणालो, "आज वारा आहे आई. पुढच्या रविवारी." तू बाहेर दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "आसंल. वर आसंल वारा, खाली आपल्याला काय कळतं." चपला काढल्यास. चिवडा आपण घरातच खाल्ला. पुढच्या रविवारी तू सिव्हिल हॉस्पिटलमध्ये होतीस आणि त्याच्या पुढच्या रविवारी नव्हतीस.

विमान मी पुढे उडवलं. दुकानाचे शेठ सोबत आले होते; मावशीला मी सांगितलंच नाही. शेठनी हातातून सोडलं आणि ते गेलं, आई. सहज गेलं. माळावर एक मोठी गिरकी घेतली, उन्हात दोन्ही पंख चमकले आणि ते गवतात येऊन बसलं. कुठे ओरखडा नाही. दोरा तसाच ताठ. शेठ पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा रे पठ्ठ्या, एवढा कशाला घाबरत होतास?" मी गवतातून विमान उचललं. ते वर असताना मी मनातून म्हणत होतो, पड. मोड. तुझे तुकडे होऊ देत, म्हणजे मला वाटेल की मी थांबवलं ते बरोबर होतं. ते पडलं नाही. ते त्या रविवारीही उडालं असतं.

आता ते दुकानात माळ्याजवळ टांगलेलं आहे. गिऱ्हाईकं विचारतात, विकायचं का. दोरा एका बाजूला ढिला पडला आहे, पण तो नीट करायचा तर तुझी गाठ सोडावी लागेल, म्हणून हात लावत नाही. हे लिहिलेलंही खोक्यात ठेवून देईन.

एक राहिलं. त्या दिवशी दोरीवर तुझी हिरवी साडी होती आणि तिचा काठसुद्धा हलत नव्हता. तुझ्याआधी मीही तिच्याकडे पाहिलं होतं.