सुदाम्याच्या बायकोचे दिवस

आई, तुला जाऊन आता एकेचाळीस वर्षं झाली. मी तुझ्याशी कधी अशा शाळेतल्या मराठीत बोलले नाही, पण कागदावर मला हीच येते. तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, "काऊन वं, मास्तरीण झाली का?" झाले, आई. होऊन रिटायरही झाले.

मला पिंपळगाव राजाचं ते एक वर्ष फार आठवतं. मी तिसरीत होते. आमची शाळा सुटली की त्याच वर्गात बायांचा वाचनवर्ग भरायचा आणि तू माझ्याच पाटीवर अक्षरं गिरवायचीस. बत्तीस वर्षांची बाई, 'क्ष'पाशी अडलीस की माझ्याकडे बघायचीस, आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे. त्यानंतर एकदा स्टँडवर तू एसटीची पाटी मोठ्यानं वाचलीस, "खा-म-गा-व", तेव्हा बाबा लाजून चार पावलं पुढे जाऊन उभे राहिले होते. त्याच उन्हाळ्यात बाबा कामाला होते ती कापसाची जिनिंग मिल बंद पडली. बाबा घरी बसले, आणि घरी बसलेल्या माणसाला काय बोलावं हे गावात कोणालाच कळेना. तू लोकांच्या शेतात तण निंदायला जाऊ लागलीस. बाबांचा एक लहानपणचा मित्र शेगावला तेलाची मिल चालवायचा. तू दिवसातून दोनदा त्याचं नाव काढायचीस.

"काय म्हणून जाऊ? हात पसरायले?" बाबा म्हणायचे.

"मागू नका ना. नुसतं भेटून तं या."

शेवटी ते तयार झाले. पण घरात न्यायला काही नव्हतं. मी तुझ्याबरोबर होते त्या सकाळी. तू आधी मागच्या गल्लीतल्या काकूंकडे गेलीस. दारात उभी राहिलीस, हवापाण्याचं बोललीस आणि काहीच न मागता परत फिरलीस. रस्त्यात थांबलीस, पदर नीट केलास, मग शेजारच्या शिंप्याच्या घरी गेलीस. भाभी मशीनवर बसली होती. तू म्हणालीस, "भाभी, शेंगदाणे हायेत का थोडेसे?" भाभीनं काही विचारलं नाही. डबाच उपडा केला. त्यानंतर तुला सोपं गेलं. गूळ काकूंकडूनच आणलास. दुपारपर्यंत लाडू झाले आणि मला हात लावू दिला नाहीस. दुसऱ्या दिवशी बाबा पहिल्या गाडीनं गेले आणि दिवेलागणीला परत आले.

"बोलले का कामाचं?"

"नाही बोललो," बाबा म्हणाले. "जेवू घातलं त्यानं. लाडू आवडले म्हणे."

मला वाटलं तू आता भांडशील. तू त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवलास आणि म्हणालीस, "बरं झालं. भेट तं झाली."

पुढे श्रावण लागला. देवळात दुपारी बायांसाठी पोथी लागायची. वाचणाऱ्या गुरुजींचा घसा बसला आणि कोणीतरी म्हणालं, ही वाचते की आता. गुरुजींनी नाखुशीनं पोथी तुझ्याकडे सरकवली. तू ओळीवर बोट ठेवून वाचतेस, हळू, प्रत्येक शब्द पारखून घेतल्यासारखा. मी खांबाला टेकून बसले आहे. चौथ्या दिवशी सुदाम्याची कथा आली. बायकोनं शेजारून पोहे मागून आणले, फडक्यात बांधून दिले, एवढ्या दोन ओळी झाल्या आणि पोथी सुदाम्याबरोबर द्वारकेला निघाली. सोन्याचे दरवाजे, पाय धुणं, मिठ्या. तू वाचता वाचता थांबलीस. पान उलटून मागे गेलीस, परत पुढे आलीस. मला वाटलं जोडाक्षराला अडलीस.

"अन् इकडं ते बाई काय करून राह्यली होती?" तू विचारलंस. "तिचं काहीच नाही लिहिलं इथं."

गुरुजी चमकले. "पुढं वाचा, बाई."

"वाचतो ना, गुरुजी. पण चार घरचे पोहे मागितले तिनं. पयल्या घरी तोंडातून शब्द निघत नाही, बायांनो. मले ठाऊक हाय. अन् नवरा गेल्यावर लेकरायले काय घातलं असन तिनं? पोहे तं सारे बांधून देल्ले."

मागून एका म्हातारीनं विचारलं, "मंग? काय केलं तिनं?"

"काय करन? सकाळी उठली असन, आंगण झाडलं असन. देव देईन का नाही, तिले काय ठाऊक? तिले इतकंच ठाऊक होतं का मैतराच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये. तो तं देवाले डोळ्यानं पाहून आला. हिनं न पाहता पोहे धाडले."

गुरुजींनी पोथी ओढून घेतली. "पोथीत नाही ते पदरचं घालू नका. पाप लागते." दुसऱ्या दिवसापासून ते बसलेल्या घशानं स्वतःच वाचू लागले. तुला वाईट वाटलं, मला माहीत आहे. पण तिसऱ्या दिवशी देवळातून परतताना ती म्हातारी तुझ्यामागून आपल्या घरी आली, ओट्यावर टेकली, तिच्यामागून आणखी दोघी, आणि म्हणाली, "हं, द्रौपदीच्या सासूचं सांग आता." महिना संपेपर्यंत ओटा पुरेना.

श्रावण संपता संपता बाबांच्या मित्राचं कार्ड आलं. पोस्टमननं सवयीनं बाबांच्या हातात दिलं आणि बाबांनी, कधी नव्हे ते, तुझ्या हातात. तू उंबऱ्यात उभी राहून वाचलंस. 'कामावर हजर व्हावे' यातल्या 'व्हावे'ला तू दोनदा अडलीस. मी सांगायला तोंड उघडलं तर बाबांनी मला गप्प केलं. "वाचू दे तिले." गावातल्या बाया म्हणाल्या, देवानं ऐकलं. तू म्हणालीस, "ऐकलंच. पण भाभीनं त्याच्या आधी ऐकलं."

आपण शेगावला गेलो. दोन खोल्या, वर पत्रे, सोन्याचं काही नाही. पण निघायच्या आदल्या दिवशी गुरुजी आले होते. आत आले नाहीत. ओट्याशी उभे राहून म्हणाले, "बाई, तुम्ही बोलल्या ते पोथीत पाह्यजे होतं." आणि वळून गेले. तू कितीतरी वेळ तशीच हसत उभी होतीस. मी तुला इतकं खूश फार कमी वेळा पाहिलं.

इथे चिखलीत आता श्रावणात मी पोथी वाचते. दारासमोर चपलांची रांग लागते. बऱ्याच जणी आपापल्या घरचं सांगायलाच येतात. आज सुदाम्याची कथा होती. मी थांबले आणि त्याच्या बायकोचे दिवस सांगितले, झाडलेलं अंगण, लेकरांचं जेवण, सगळं. एक नवी सून डोळे पुसत होती. सगळ्या गेल्यावर मी सतरंजी गुंडाळली आणि हे लिहायला बसले.

हे पत्र कुठे धाडणार, वहीतच राहील. म्हणून एक लिहून टाकते. आई, देवाबद्दल मला तुझ्यासारखी खात्री कधीच वाटली नाही. तू असताना हे सांगायचं धाडस झालं नाही. मी पोथी वाचते ती बाया येऊन बसतात म्हणून.