शिक्क्याकु आणि बाबांचे पांढरे कपडे

खराडी, मंगळवार संध्याकाळ

आणि वर परत नवे पांढरे कपडे पाहिजेत म्हणे! सरपंचपद जाऊन वर्ष झालं, बाबा, आता कडक इस्त्री कुणाला दाखवता? फोनवर एवढं बोललो, तर त्यांनी गुपचूप फोन आईकडे दिला. "कायले बोलतं रे असं त्यायले?" ती म्हणाली.

मग तसाच जपानीच्या क्लासला गेलो. कँटीनमध्ये ताटं धुतो, दहावी नापास आहे, पण जपानला जायचंय ना! आज 'शिक्क्याकु' शब्द आला, म्हणजे सत्तेवरून खाली येणं. सगळ्यांनी मंत्र्यांवर वाक्यं केली. मी लिहिलं, माझे बाबा अविश्वास ठरावाने पायउतार झाले.

बाई म्हणाल्या, "वाक्य बरोबर आहे. आता ते काय करतात?"

काय सांगू? रोज सकाळी तेच पांढरे कपडे घालून पंचायतीसमोरच्या पारावर बसतात, आणि लोक राम राम न करता आत जातात. एवढं जपानी मला कुठं येतं? त्यांना काय वाटतं, हे मराठीत तरी आईला कधी विचारलंय? "बसतात," एवढंच म्हणालो.

मागच्या व्हिडिओ कॉलवर त्यांची कॉलर विरलेली दिसली होती. तसा सदरा घालून पारावर बसायचं म्हणजे...

जाऊ दे. कपड्यांसाठी पंधराशे पाठवतोय.