चोर साडूच्याच गेटमधून पळणार!

३ जून
आजपासून सूड. शांत डोक्याने.
कारण लिहून ठेवतो, मध्येच राग ओसरला तर वाचायला होईल. काल मेहुणीकडे जेवताना साडू सगळ्यांदेखत म्हणाला, की साडूभाऊंच्या गेटमधून हत्ती गेला तरी ते पेपर खाली ठेवणार नाहीत. सगळे हसले. सगळ्यात जास्त बायको.
संग्रहालयाचं पुढचं गेट माझ्याकडे, मागचं साडूकडे. सुरक्षाप्रमुख निवृत्त होताहेत. त्या खुर्चीवर आमच्यापैकीच एकजण बसणार. म्हणजे मीच.

५ जून
नशीब उघडलं! संचालकबाई म्हणाल्या, यापुढे बंदोबस्त कॉम्प्युटरवर आखायचा. स्क्रीनवर आपली अख्खी इमारत, आत खोटी माणसं, खोटा चोर. चोर कुठून निसटतो ते बघायचं. साडूने लगेच अंग काढून घेतलं, आपल्याला कॉम्प्युटर येत नाही म्हणाला. मी हात वर केला. मलाही येत नाही, पण मी कशाला सांगू?

९ जून
सिम्युलेशनच्या इंजिनिअरने शिकवलं. सोपं आहे. चोर हवा तसा बनवता येतो. पोट वाढवलं, टक्कल पाडलं, आमचा युनिफॉर्म चढवला. मिशी लावता येत नाही म्हणे, तेवढी हळहळ राहिली. आता हा साडू स्वतःच्याच गेटमधून मूर्ती घेऊन पळेल आणि बाई बघत बसतील.

१० जून, सकाळी
चोर माझ्या गेटमधून गेला.

दुपारी
पुन्हा माझ्याच. वर रमतगमत. चाल मात्र हुबेहूब जमलीय.

१२ जून
इंजिनिअरला फैलावर घेतलं. तो म्हणतो, चोर मोकळी वाट धरतो, आणि कॉम्प्युटरला जोडलेल्या आपल्या खऱ्या कॅमेऱ्यात पुढच्या गेटची खुर्ची सतत रिकामी दिसते. दिसणारच! मी इथे चोर पकडतोय ना! बायको म्हणाली, अहो, मग गेटवर जाऊन बसा की. हिला स्ट्रॅटेजी कळत नाही. शेवटी साडूची मेहुणी.

१५ जून
स्क्रीनवर माझ्या गेटला पहारेकऱ्यांची रांग उभी केली. चोर आला. सगळ्यांनी सलाम ठोकून वाट दिली. युनिफॉर्ममुळे.
हा इंजिनिअर साडूला सामील असावा.

१८ जून
जालीम उपाय! माझं गेटच पुसून टाकलं आणि तिथे भिंत घातली. चोर भिंतीपाशी घुटमळला, वळला आणि थेट साडूच्या गेटमधून पसार. कितीदा तरी चालवून बघितलं. शेवटी उभं राहून टाळ्या वाजवल्या. भिंतीकडे कोण बघतंय?

२२ जून
बाईंनी पहिल्यांदा भिंतच बघितली.
तिथे गेट होतं ना, असं विचारलं. माझ्या तोंडातून निघून गेलं, की ते बंद करावं, अशी माझी सूचना आहे. बाई जाम खूश! एकच गेट, सगळी माणसं तिथेच, इतकी साधी गोष्ट आजवर कुणाला कशी सुचली नाही, म्हणाल्या. साडू एवढंच म्हणाला, की चोर कुठेतरी बघितल्यासारखा वाटतो. जळतोय!
बायकोला सांगून टाकलं, सुरक्षाप्रमुखाच्या बायकोसारखं वागायची सवय कर.

२ जुलै
गवंडी आले. माझ्या गेटमध्ये विटा रचताहेत. ही कल्पना माझीच, असं त्यांना सांगितलं. त्यांनी बाजूला सरका म्हटलं. खुर्ची आत घ्यायची की बाहेर, ते कुणीच सांगत नाही.

५ जुलै
ऑर्डर निघाली. ज्याच्याकडे गेट, तोच प्रमुख. मला त्याच्या हाताखाली दिलंय.
आज मागच्या गेटमधून कामावर गेलो. साडूने डबा उघडायला लावला. राग मानू नका साडूभाऊ, म्हणाला, चोर आपल्या युनिफॉर्ममध्ये येतो हे तुम्हीच दाखवलंत. मागे रांगेतले सगळे हसले.
सूड सोडलेला नाही. नीट आखणी करायला दोन दिवसांची रजा मागितली.
साडूने नामंजूर केली.