शांताबाईंचा खरवसाचा डबा

रविवार, सायंकाळी सहा. कोल्हापूर.

बाजार घसरत असताना धीर का धरावा, हे आजच्या गुंतवणूक वर्गात फळ्यावर आलेख काढून तासभर समजावले. अगदी नेहमीच्या उत्साहाने. माझे स्वतःचे सगळे म्युच्युअल फंड मी गुरुवारीच घाबरून विकले, हे मात्र सांगितले नाही.

वर्ग सुटल्यावर राधानगरीच्या शांताबाई थांबल्या. डेअरीला दूध घालून साठवलेले पैसे त्यांनी माझ्या सांगण्यावरून गुंतवले आहेत. त्यांनी खरवसाचा डबा पुढे केला.

"म्हस व्यालीया, सर. पोरगं म्हणत हुतं, पैसं काढून घे. म्या म्हटलं, सर थांबल्यात की, मग मी बी थांबतो."

"आभारी आहे," मी म्हणालो. नक्की कशाबद्दल?

लाज वाटायला हवी होती. काहीच वाटले नाही. घरी येऊन खरवस खाल्ला, गोड लागला की नाही, आठवत नाही.

मी शिकवले त्यात चूक नव्हती. पण शांताबाई माझ्या आलेखामुळे थांबलेल्या नाहीत. मी थांबलो आहे, असे समजून थांबल्या आहेत.

डबा धुऊन ठेवला आहे. रिकामा परत देऊ नये, म्हणून त्यात साखर घालीन. पुढच्या रविवारी फळ्याला हात लावण्यापूर्वी सर्वांना गुरुवारचे सांगेन. शांताबाईंना मात्र उद्या सकाळीच, डबा घेऊन राधानगरीला जाऊन. ऐकून त्या पैसे काढतील की ठेवतील, ते त्यांनी ठरवावे. त्यांनी डबा घेतला तरी पुरे.