मग धाकट्या राजाचं काय झालं

मंगळवार, ४ मे १९९३

आज पाण्यातून देवळाचा कळस वर आला. आबांनी विचारलं, "सिद्धू, काय दिसतंय रं?" म्हटलं, भांड्याच्या झाकणाची मूठ दिसतीय. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. हातातली काठी पाण्याच्या कडेला रोवली आणि घरी गेले.

रोज सकाळी हेच. आदल्या दिवशीची काठी उपटायची, पाणी जेवढं मागं सरलं तेवढी पुढं न्यायची. आज सोळा पावलं.

हे हिंदुराव. सगळे आबा म्हणतात, मीही म्हणतो. हितलं जुनं गाव देवळासकट उजनी धरणात बुडालं. त्याचं पाणी उन्हाळ्यात मागं हटलं की उघड्या पडलेल्या गाळात हितले लोक कलिंगडं लावतात. त्याला गाळपेर म्हणतात. आबांच्या गाळपेराची राखण करायला मी आलो तो दीड महिना टिकलो. दीड महिना म्हणजे माझ्या मानानं लई. लोणी भापकरला आमची मेंढरं होती तोवर चालण्यालाच काम म्हणत. थोरल्या भावानं, बिरदेवनं, मेंढरं काढून टाकली आणि डाळिंब लावलं. मेंढरं गेली, चालणं माझ्या पायात राहिलं. मग बारामतीत बेकरी, कळंबला ऊसतोड, आणि आता हे डाळज.

काहीतरी दुसरं लिहायचं होतं. विसरलो.

बुधवार, ५ मे

हां, पुस्तकाचं.

बारामतीत स्टँडमागं बापूसाहेब रद्दीवाले. त्यांच्याकडून पाव किलोच्या रद्दीत आलेलं पुस्तक. वरचा पुठ्ठा नाही, नाव नाही. आत नुसते राजे. कुणाच्या मुकुटात किती हिरे, कुणाच्या हत्तीला जेवायला काय, कोण कुणाला विष घालतं. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनला भितात. म्हणून दुपारी बाभळीखाली मी वाचतो आणि ते ऐकतात.

आज म्हणाले, "राजाला सकाळी उठून रानात जायला लागत असंल का?"

"त्यांना सोन्याचं टमरेल असंल, आबा."

"सोन्याचं असलं तरी धरायचं आपल्याच हातानं."

मुक्ताबाई, म्हणजे आबांच्या मालकीण, भाकरी घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "दोघं गादीवर बसा. मी चवऱ्या ढाळते. आणि कलिंगडं कोल्ह्यांना बोलवून द्या."

आबा म्हणाले, "गादी हाय कुठं आपल्याला?"

"हाय की. पिंजायला झालीया ती. कापसाचं गोळं पाठीला टोचत्यात राजाच्या..."

एवढं बोलून मध्येच थांबल्या. पाटी उचलली आणि गेल्या. भाजी वाढायचीच राहिली.

शुक्रवार, ७ मे

गायीला खोंड झालं. कपाळावर पांढरा टिळा. म्हटलं, ह्याचं नाव राजा ठेवू. मुक्ताबाईंच्या हातातली चरवी खाली आपटली. "त्यो शबूद माझ्या दारात नको," म्हणाल्या. आवाज बारीकच होता. आबा उठून बाहेर गेले.

नातीला, छकुलीला, विचारलं. ती चौथीत गेलीय, सुट्टीला बापाबरोबर आलीय. म्हणाली, "आजी तसलीच. मला पण राणी म्हणू देत न्हाय कुणाला."

पुस्तकांनी घर बिघडतं असं काही बायकांना वाटतं. तसंच असावं.

शनिवार, ८ मे

आज एकवीस पावलं. देवळाचं शिखर अर्धं बाहेर. शेवाळ वाळून त्याची लोंबती जाळी झालीय. वास येतो. मासे मरून पडलेत, आणि बगळेसुद्धा खात नाहीत.

शेजाऱ्यांची गाय पाण्याला गेली ती गाळात पोटापर्यंत रुतली. नऊ माणसं, दोन कासरे. ओढून काढली तेव्हा तिचे डोळे पांढरे झाले होते. आबा मला म्हणाले, "ध्यानात ठेव. तडा गेलेला गाळ धरतो. चकाकतो त्यो गिळतो. वरनं दोन्ही सारखंच वाळल्यालं दिसतं. डोळं पाहिजेत."

सोमवार, १० मे

घोळ झाला.

पुस्तक आज संपलं. संपलं म्हणजे पानं संपली. दोनशे बारावं पान, शेवटची ओळ, 'त्या रात्री धाकट्या राजाला'. पुढं काही नाही. फाटलंय. हे मला आधी दिसलं नव्हतं. पुढचं पुस्तक आधी बघून ठेवण्याइतका मी शहाणा असतो तर नववी एकदाच केली असती.

आबा म्हणाले, "मग? धाकट्या राजाचं काय झालं?"

पानं नाहीत एवढं सांगायचं होतं. पण त्यांनी तोंड असं केलं होतं, जेवायला बसलेल्या माणसागत. मी पान उलटल्यासारखं केलं आणि लावलं. समोर देऊळ होतं, तेच घेतलं. धाकट्या राजाला दगा झाला. नदीकाठी महादेवाचं देऊळ होतं, त्याच्यामागं त्याला पुरलं. त्याची गादी त्याच्याजवळ ठेवली. आणि त्यो तितं अजून वाट बघतोय.

आबा माझ्याकडं सरकून बसले. मग म्हणाले, "पुरला? जाळला न्हाय?"

"न्हाय. ल्हान होता."

"व्हय. ल्हानग्याला पुरत्यातच. बरोबर लिवलंय." मग म्हणाले, "वाट बघतोय, असं लिवलंय?"

"असंच लिवलंय."

"परत वाच."

परत वाचलं. पहिल्यांदा काय म्हणालो ते आठवून आठवून. आणि बघतो तर छकुली माझ्या मागं उभी. खांद्यावरून बघत होती.

मंगळवार, ११ मे

छकुली म्हणाली, "दादा, तू रिकाम्या पुठ्ठ्याकडं बघून वाचलंस."

म्हटलं, बारीक अक्षर होतं.

म्हणाली, "मला दिसतं बारीक." पण आबांना सांगितलेलं नाही. तिला चार कैऱ्या दिल्या.

गुरुवार, १३ मे

आबा रोज तेवढंच वाचायला लावतात. बाकीचे राजे नकोत. हत्ती नको, हिरे नको. मी रोज थोडं वाढवतो. आज पिंपळ घातला. आबा म्हणाले, "पिंपळ न्हाय, लिंब हुता." मी म्हटलं, हां, लिंब, चुकलो. त्यांना कसं ठाऊक?

हायवेवर चहाला तात्याबा भेटला. त्याची होडी आहे, मासे धरतो. म्हणाला, "तुझा म्हातारा रोज काठी पुढं न्हेतोय. देवळाच्या वाटंवर. जुन्या गावात कुणाचं सोनं ऱ्हायलंय ते त्येलाच ठावं." सगळे हसले. मी पण हसलो.

आता कळलं. आबांना वाटतंय गादी म्हणजे सोन्याची गादी. माझ्या थापेनं म्हातारा सोनं खणायला निघालाय.

उद्या सांगतो.

शुक्रवार, १४ मे

सांगायला गेलो. मुक्ताबाई निवडत बसल्या होत्या, म्हणाल्या, "आलास व्हय रं, ही ज्वारी दळून आण भिगवणला." भिगवणला गेलो तर तिथं एक माणूस अस्वल घेऊन आला होता. दोन तास तिथंच.

रविवार, १६ मे

देवळाचं दार दिसायला लागलं. काळं. आतही काळंच.

आबांनी मला बाजूला घेतलं. "बेस्तरवारी सकाळच्याला जायाचं. अवस शुक्रवारी हाय, त्याच्या आधी. पाऊस आला की देऊळ परत जाईल, आणि पुढल्या खेपंला मी नसंन. डोळं तुझं, पाय माझं. तडा कुठं हाय एवढं सांगत चल."

म्हटलं, आबा, गोष्टी असत्यात त्या.

"असू दे की. तू यायचं कबूल कर."

"आलो."

"नागेशला सांगू नको. बांधून घालंल मला."

नागेश त्यांचा मुलगा, छकुलीचा बाप, ट्रकवर असतो. त्याला सांगितलं असतं तर सगळं मिटलं असतं. मी कबूल केलं होतं ना पण.

सोमवार, १७ मे

सकाळी सुचलं. बापूसाहेबांकडं त्याच पुस्तकाची दुसरी प्रत असली तर! खरा शेवट आणायचा आणि वाचून दाखवायचा, आबा, मी चुकीचं पान वाचलं म्हणायचं. थापही मिटली, सोनंही मिटलं. बुधवारी संध्याकाळी परत.

बारामतीचा ट्रक मिळाला.

मंगळवार, १८ मे, बारामती

बापूसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवून पुस्तक बघितलं. "ह्याची मागली पानं मीच फाडली असतील. शेंगदाण्यावाला पुड्यांना न्हेतो माझ्याकडनं."

"मग राजाचं काय झालं आसंल?"

"मेला आसंल, आणि काय? पुस्तकातल्या राजाला दुसरं काम काय असतं?" मग म्हणाले, "तुला कशाला रं एवढी काळजी? तुझा कोण लागतो?"

खरा शेवट नाही. मग नुसतं खरंच सांगावं लागणार. हे मला बारामतीला न येताही जमलं असतं.

स्टँडवर ऊसतोडीतला भिमा भेटला. कळंबला आज जत्रा आहे, उद्या दुपारी कुस्त्या आहेत, म्हणे. कळंब उलट्या अंगाला. पण बुधवारी तिथून निघालं तरी चालतंय.

गुरुवार, २० मे, कळंब

काल शेवटची कुस्ती निकाली निघेना. मग गाडी गेली. मग भिमाच्या घरी मटण.

सकाळी जाग आली तेव्हा ऊन अंगावर. बेस्तरवार. रात्र सरली की बेस्तरवार, हे डोक्यातच आलं नव्हतं.

माझ्याबिगर जाणार नाहीत. डोळ्यांबिगर कसे जातील?

शुक्रवार, २१ मे

गेले होते.

तात्याबाला काल दुपारी होडीतून दिसले. देवळापासून पन्नास-एक पावलांवर. छातीपर्यंत गाळात, पुढं वाकलेले. सगळीकडं तडे होते म्हणतात, तेवढा एक पट्टा चकाकत होता. होडी टेकवून, फळ्या टाकून काढलं. ऊन लागूनच गेले असावेत, तात्याबा म्हणाला.

मी पोहोचलो तेव्हा सगळं झालं होतं. नागेश म्हणाला, "तू कुठं हुतास?" मी म्हटलं, बारामतीला. तो म्हणाला, "बरं झालं. न्हायतर तू पण गेला असतास."



शनिवार, २२ मे

तात्याबा चहाच्या टपरीवर सांगत होता. पंचाच्या गाठीत गूळ-खोबरं होतं, आणि एक लाकडाचा बैल. चाकं लावलेला, पोरं ओढतात तसला. नवा. कमरेला खुरपंसुद्धा नाही.

सोनं काढायला गेलेला माणूस खणायला काही न घेता जातो?

आबांची काठी पाण्याच्या कडेला तशीच होती. पाणी आणखी मागं गेलंय. काठी पुढं न्यायला कुणी नाही.

मंगळवार, २५ मे

पळून जावं वाटतं. बोचकं दोनदा बांधलं. पाय चालत नाहीत. माझे पाय!

आज मुक्ताबाईंना सांगायचं ठरवलं. पानं नव्हती, मी बनवून बोललो, आबा त्यावर गेले. तीनच वाक्यं आहेत. त्या म्हणाल्या, "जेवलास का?" जेवलो नव्हतो. जेवलो.

शनिवार, २९ मे

दहावा झाला. दुपारी मुक्ताबाई छकुलीला घेऊन बाभळीखाली येऊन बसल्या. भाकरी द्यायला येत, पण बसत कधी नव्हत्या.

गाळाकडं बघत म्हणाल्या, "आमचं पयलं पोर. तीन वर्साचं. गोवरानं गेलं. देवळामागं लिंबाखाली ठिवलं. मग धरणाचं पाणी आलं. सारं गाव उठलं, त्याला कसा उठवायचा? त्येला ह्ये राजा म्हणायचे. चाळीस वर्सं मी त्यो शबूद तोंडातनं काढला न्हाय. त्या दिशी हितं निसटला तेवढाच."

मी म्हटलं, "आजी, मला काहीतरी सांगायचंय."

"मागनं सांग. ह्यास्नी त्यो वाट बघतोय म्हणून वाचून दावलंस न्हवं? मला कुठं वाचाय येतंय. मला बी वाच. ह्ये पोचलं का त्याच्यापतोर? फुडं काय झालं?"

छकुली उठली. पुस्तक आणलं, दोनशे बारावं पान काढून माझ्या मांडीवर ठेवलं, आणि दुसरीकडं तोंड करून बसली.

वाचलं.