लाल गिटारीची वही

३ मार्च, रविवार

सभा झाली. घसा बसलाय. समोर एकवीस माणसं, त्यातली दोन पंख्याखाली डुलक्या काढायला आलेली. ‘वस्तू वापरणाऱ्याची!’ – तीस वर्षं हेच ओरडतोय. थकलो.

तिथून मिस्त्रीच्या दुकानामागच्या खोलीत. मी, दंतवैद्य, लांब्या आणि पाच जुन्या इलेक्ट्रिक गिटारी. एकीवरही आमची मालकी नाही. मिस्त्रीनं भंगारातून उचलून त्या बोलत्या केल्या. तो जाऊन तीन वर्षं झाली, वहिनी अजून दर रविवारी किल्ली देतात. नियमही त्याचाच – वाजवून झालं की त्या त्या गिटारीच्या पेटीतल्या वहीत लिहायचं, कोणी वाजवली, काय बिघडलं.

लाल गिटार माझ्याहून वयानं मोठी. आजही चोख सुरात! तीन वर्षांत आम्ही खुंट्यांना हात लावलेला नाही. लांब्या म्हणतो, मुरलेलं लाकूड हलत नाही. मी त्यावर पाऊण तास बोललो. दंतवैद्य म्हणाला, “माझ्याकडे लोक तोंड उघडायला घाबरतात, तुम्ही मिटायला!”

७ मार्च

वहिनींचा फोन. कोणा संग्राहकाला पाचही गिटारी हव्यात. काचेच्या कपाटात ठेवणार म्हणे! त्यांचा मुलगा ‘देऊन टाक’ म्हणतोय. “भावजी, रविवारी या तिघं. ठरवून टाकू.”

गेल्या तर आमच्याकडे काय उरतं?

८ मार्च

भाषण लिहिलं. फाडलं.

१० मार्च, रविवार

बोललो. इतकं मनापासून कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. वहिनी स्टुलावर बसून ऐकत होत्या.

“वाजवलं नाही तर वाद्य मरतं, वहिनी! हे लाकूड बघा – मिस्त्री गेला, तरी यानं सूर सोडला नाही!”

वहिनी फिसकन हसल्या. “लाकडानं धरलाय होय?”

“अलबत!”

“काका, काचेत धूळ तरी बसणार नाही,” मुलगा म्हणाला.

“तू गप रे,” वहिनी म्हणाल्या. “उद्या कळवते.”

रस्त्यात दंतवैद्य म्हणाला, “जिंकलात.” मला नाही वाटत. त्या हसण्यानं पुढचं वाक्यच विसरलो होतो.

११ मार्च

संग्राहकाला नकार! “चार गिटारी राहू देत तुमच्यापाशी,” वहिनी म्हणाल्या. “लाल मात्र आता मी वर घरात नेतेय.”

“विकणार?”

“छे!” फोन ठेवला.

म्हणजे त्यांनाही मालकीचीच हौस! दिवसभर धुमसतोय. कोणाकोणाला समजवायचं?

१७ मार्च, रविवार

वरच्या खोलीतून लाल गिटारीचा आवाज. संथ. एकही सूर चुकत नव्हता. लांब्यानं माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

लाल गिटारीची वही खाली बाकावर ठेवलेली, पालथी. तशीच उघडली. मागच्या पानापासून वहिनींचं अक्षर. दर शनिवारी दुपारची नोंद, मिस्त्री गेला त्या महिन्यापासून. ‘तिसरी खुंटी सैल, घट्ट केली.’ ‘लांब्यानं तार झिजवली, बदलली.’ ‘तासभर वाजवली. ह्यांच्यासारखं अजून जमत नाही.’

शेवटची नोंद नऊ तारखेची –

‘सूर लावून ठेवला. उद्या भावजी लाकडाचं कौतुक करतील.’