कोमट पान

दादा,
आईला इस्पितळात नेलंय. न्यूमोनिया निघाला. तू तेल लावून, तव्यावर शेकून तिच्या छातीवर ठेवलेलं विड्याचं पान डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने उचललं आणि विचारलं, "हा उपचार कोणाचा?" मी म्हटलं, आमच्या दादाचा. त्याला दारच्या पानवेलीचं सगळं कळतं, माणसांचं जरा कमी.

खोकल्याला रस, डोकेदुखीला कपाळावर पान, इथवर ठीक होतं. पण सकाळी तू म्हणालास, "बघ, पान अजून कोमट आहे, म्हणजे गुण येतोय." दादा, पान कोमट होतं ते तिच्या तापाने.

येताना तिचा चष्मा आणि शाल आण. पानं आणू नकोस.

निघताना वेलीला पाणी घाल. या घरात कोणाला तरी वेळेवर काही मिळू दे.